कॉफीच्या टेबलावर कोण नव्हतं?

इंजिनिअरिंगला जावा शिकलेल्या प्रत्येकाने ते चिन्ह पाहिलेलं असतं. निळी कपबशी आणि तिच्यातून वर जाणारी लाल वाफ. या भाषेचं मूळ नाव 'ओक' होतं. ते नाव दुसऱ्या कोणीतरी आधीच नोंदवलेलं निघालं, म्हणून १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सच्या लोकांनी ते बदलून 'जावा' केलं. अमेरिकन बोलीत जावा म्हणजे कॉफी. आणि कॉफीला ते नाव पडलं इंडोनेशियातल्या जावा बेटावरून, कारण एके काळी पाश्चात्त्य बाजारात येणारी कितीतरी कॉफी तिथून यायची.

आज कॅफेत 'मोका' मागवला की चॉकलेट घातलेली कॉफी येते. मोखा हे येमेनमधलं बंदर आहे. सतराव्या शतकात जगाची कॉफी तिथून गलबतांवर चढायची. बेटाची भाषा झाली, बंदराचं चॉकलेट झालं. नावं कपापर्यंत पोचली, तिथली माणसं पोचली नाहीत.

कॉफीचा इतिहास वाचायला घेतला की तो बहुतेक वेळा कपाच्या बाजूने सांगितलेला असतो. कॉफीहाऊस, गप्पा, वर्तमानपत्रं, शेअरबाजार, क्रांती. ती गोष्ट खरी आहे आणि रंगतदारही आहे. कॉफीच्या मळ्यांची दुसरी गोष्टही लिहिली गेलेली आहे, पण ती वेगळ्या पुस्तकात असते. मला इथे दोन्ही शेजारी ठेवायच्या आहेत, कारण त्या एकाच काळात आणि एकमेकींच्या जिवावर घडल्या.

जागरणाचं पेय

अरेबिका कॉफीचं झाड मूळचं इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडच्या जंगलातलं. लाल फळं खाऊन उड्या मारणाऱ्या शेळ्या आणि त्यांचा गुराखी ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती छापून आली १६७१ साली, रोममध्ये, म्हणजे लोक कॉफी प्यायला लागून दोनेक शतकं उलटल्यावर. तेव्हा शेळ्यांना तूर्त चरू द्यावं.

खात्रीने सांगता येतं ते असं: पंधराव्या शतकाच्या मध्याला येमेनमधले सूफी साधक रात्रीच्या जिक्रसाठी कॉफी पीत होते. आपल्याकडे जागर असतो तसंच. रात्रभर देवाचं नाव घ्यायचं तर झोप आवरायला हवी. त्यांनी या पेयाला 'कहवा' म्हटलं. हा शब्द अरबीत आधी दारूसाठीही वापरला जायचा. म्हणजे पहिल्या दिवसापासून कॉफीच्या नावात थोडा संशय मिसळलेला होता.

सूफी काही मठात कोंडलेले नव्हते. दिवसा ते दुकानदार होते, कारागीर होते. त्यांच्यासोबत कॉफी बाजारात आली, मक्केला आली, कैरोला आली. १५११ साली मक्केत खैर बेग नावाचा अधिकारी होता. बाजार आणि लोकांचं वागणं यांच्यावर देखरेख ठेवणं हे त्याचं काम. एका रात्री त्याला मशिदीजवळ काही माणसं कंदील लावून कॉफी पीत बसलेली दिसली. त्याला पाहताच त्यांनी दिवे मालवले. खैर बेगला तेवढं पुरे झालं. त्याने धर्मपंडित आणि वैद्य गोळा केले, कॉफी शरीराला आणि धर्माला घातक असल्याचा निर्णय घेतला आणि शहरातली कॉफी रस्त्यात जाळली.

हे प्रकरण कैरोला सुलतानाकडे गेलं तेव्हा आलेलं उत्तर मजेशीर आहे. कॉफीच्या निमित्ताने जमाव जमवणं चालणार नाही, पण कॉफी पिण्यावर सरसकट बंदी नको, असा त्याचा अर्थ होता. भांडण पेयाशी नव्हतं, पेयाभोवती बसलेल्या माणसांशी होतं.

दारू नाही, दरबार नाही

१५५०च्या दशकात अलेप्पोचा हकम आणि दमास्कसचा शम्स अशा दोघांनी इस्तंबूलला कॉफीची दुकानं उघडली. ही माहिती पेचेवी या ऑटोमन इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. तिथे लोक बुद्धिबळ खेळायचे, सोंगट्या टाकायचे, पुस्तकं वाचायचे, नव्या कविता ऐकवायचे. नोकरी गेलेले काझी, मदरशातले शिक्षक, रिकामटेकडे, सगळे एका बाकावर.

यात नवीन काय होतं? घराबाहेर बसायला तोवर मशीद होती, हमामखाना होता, चोरून का होईना दारूचा गुत्ता होता. मशिदीत गप्पा हाकता येत नाहीत. गुत्त्यात जाऊन आलेला माणूस उजळ माथ्याने फिरू शकत नाही. कॉफीच्या दुकानात मात्र संध्याकाळभर बसा, तोंडाला वास नाही आणि डोकं ताळ्यावर. अनोळखी माणसांनी शुद्धीत राहून तासन्‌तास बोलावं अशी ही जागा होती. सत्तेला ती खटकली नसती तरच नवल. १६३३ साली सुलतान चौथ्या मुरादने इस्तंबूलची कॉफीहाऊसं बंद करवली. निमित्त शहरातल्या मोठ्या आगीचं होतं. शिक्षा मृत्युदंडापर्यंत जायची.

मग लंडन. १६५२ साली कॉर्नहिल भागातल्या एका बोळात पास्क्वा रोझे या माणसाने शहरातलं पहिलं कॉफीहाऊस काढलं. तो तुर्कस्तानशी व्यापार करणाऱ्या डॅनिअल एडवर्ड्सचा नोकर. मालकाला रोज कॉफी करून द्यायचा. ती प्यायला येणाऱ्या पाहुण्यांची इतकी गर्दी व्हायला लागली, की तिचा धंदाच करावा असं ठरलं. लंडनच्या कॉफीयुगाची सुरुवात एका आचाऱ्याच्या हातची आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं.

पुढच्या काही दशकांत कॉफीहाऊसं शहरभर झाली. एक पेनी दिली की कप मिळे, वर्तमानपत्र मिळे आणि कोणाच्याही शेजारी बसता येई. नव्याने आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जायचा, काय बातमी? दुसऱ्या चार्ल्सच्या बापाचं डोकं याच शहरात उडवलं गेलं होतं. त्यामुळे त्याला असल्या प्रश्नांची धास्ती असणं साहजिक आहे. २९ डिसेंबर १६७५ रोजी त्याने फर्मान काढलं की १० जानेवारीपासून सगळी कॉफीहाऊसं बंद. कारण, तिथे राजाबद्दल आणि राज्याबद्दल खोट्यानाट्या वावड्या उठतात. लोक इतके खवळले, की ८ जानेवारीला, म्हणजे बंदी लागू होण्याच्या दोन दिवस आधी, राजाला फर्मान मागे घ्यावं लागलं.

ही गोष्ट मला आवडते. ट्विटर, टेलिग्राम आणि इंटरनेटबंदीच्या काळात वाढलेल्या आपल्या पिढीला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पण ती इथेच थांबवली तर अर्धी राहते. एक पेनीत सगळे समान, असं जे म्हटलं जातं त्यात 'सगळे' म्हणजे कोण? बायका तिथे मालकीण म्हणून असायच्या, कॉफी ओतायला असायच्या, गप्पांत भाग घ्यायला जवळजवळ नसायच्याच. आणि एडवर्ड लॉइडच्या कॉफीहाऊसमध्ये जहाजांचे कप्तान आणि व्यापारी बसत. तिथल्या टेबलांवर जहाजांचे विमे उतरवले जात. आजची लॉइड्स ही विमा बाजारपेठ त्यातूनच वाढली. त्या विम्यांत गुलामांनी भरलेली जहाजंही होती. पळून गेलेला गुलाम सापडला तर अमुक कॉफीहाऊसमध्ये आणून द्या, बक्षीस मिळेल, अशा जाहिराती त्या काळच्या लंडनच्या वर्तमानपत्रांत छापून येत. ज्या टेबलावर राजाविरुद्ध बोलायची मुभा होती, त्याच टेबलावर माणूस परत करायची सोय होती. लॉइड्सने याबद्दल माफी मागितली ती जून २०२०मध्ये.

एका झाडाचा प्रवास

सतराव्या शतकात कॉफी प्यायला युरोप शिकला, पण पिकवायची विद्या येमेनकडे होती. मोख्याहून निघणाऱ्या बिया पेरणीला उपयोगी पडू नयेत याची काळजी घेतली जाई, असं सांगतात. चिकमगळूरच्या डोंगरात आख्यायिका अशी की बाबा बुडन नावाचे सूफी संत हजहून परतताना सात बिया लपवून घेऊन आले. आकडा सात का, ते विचारू नये. पण भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत कॉफी लवकर पोचली होती हे नक्की, कारण १६९६ साली डचांनी जावाला नेलेली रोपं मलबारहून गेली. ती पुरात वाहून गेली. १६९९ साली पुन्हा नेली, ती जगली.

जावाचं एक झाड ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात गेलं. तिथल्या एका झाडाची संतती १७१४ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट म्हणून मिळाली. १७२०च्या दशकात द क्लियू या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने पॅरिसहून एक रोप मार्तिनिक बेटावर नेलं. वाटेत पाण्याची टंचाई झाली तेव्हा आपल्या वाट्याचं पाणी रोपाला घातलं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. त्या जहाजाच्या आगेमागे त्याच समुद्रावरून आफ्रिकेतून माणसं भरून जाणारी जहाजंही होती. त्यांतल्या माणसांच्या वाट्याला किती पाणी यायचं, हे सांगायला त्यांच्यातलं कोणी दैनंदिनी लिहीत नव्हतं.

कॅरिबियन बेटांतून कॉफी सां-दोमांगला गेली. आजचा हैती तो हाच. फ्रेंचांच्या या वसाहतीत खाली सपाटीवर ऊस आणि वर डोंगरउतारावर कॉफी होती. १७८०च्या दशकाच्या शेवटी जगातली जवळजवळ निम्मी कॉफी या एका वसाहतीतून येत होती. वसाहतीत ऊस आणि कॉफी मिळून एकूण गुलाम साडेचार ते पाच लाख होते. मृत्यूचं प्रमाण इतकं, की मळे चालू ठेवायला आफ्रिकेतून सतत नवी माणसं आणावी लागत.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. १२ जुलै १७८९. पॅरिसच्या पाले-रोयाल आवारात, काफे द फुआबाहेर कामिय देमुलँ हा तरुण वकील टेबलावर चढला आणि लोकांना शस्त्रं उचलायला सांगू लागला. दोन दिवसांनी बास्तीय पडला. २६ ऑगस्टला माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान असल्याचा जाहीरनामा निघाला. कॉफी आणि क्रांती यांचं नातं सांगताना हे दृश्य हमखास येतं. पण तेव्हा पॅरिसच्या कपांत जी कॉफी होती, तिचा मोठा वाटा सां-दोमांगचा होता. समतेवर चाललेली चर्चा गुलामांनी तोडलेल्या कॉफीवर चालली होती.

दोन वर्षांनी, ऑगस्ट १७९१मध्ये, सां-दोमांगच्या उत्तरेकडचे गुलाम उठले. त्यांनी मळे पेटवले. फ्रान्सला १७९४ साली गुलामी रद्द करावी लागली, नेपोलियनने १८०२ साली ती परत आणायचा प्रयत्न केला, त्याचं सैन्य हरलं. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. जाहीरनाम्यातलं वाक्य पॅरिसपेक्षा जास्त गंभीरपणे त्यांनीच घेतलं होतं.

त्याची किंमतही त्यांनीच भरली. १८२५ साली फ्रान्सने लढाऊ जहाजं पाठवून १५ कोटी फ्रँकची मागणी केली. गुलामांच्या मालकांचं नुकसान झालं, त्याची भरपाई. म्हणजे स्वतःला सोडवून घेतलेल्या माणसांनी स्वतःचीच किंमत आधीच्या मालकांना द्यायची. ही रक्कम पुढे कमी झाली, पण ती फेडायला काढलेल्या कर्जांचं ओझं विसाव्या शतकापर्यंत पुरलं. आणि हे पैसे उभे करायला हैतीकडे विकण्यासारखं मुख्य पीक होतं कॉफी.

जावा, मग ब्राझील

सां-दोमांगची कॉफी बाजारातून गेली तेव्हा युरोपने कॉफी सोडली नाही. फक्त पत्ता बदलला.

जावात १८३०पासून डच सरकारने नवी पद्धत आणली. प्रत्येक गावाने जमिनीचा साधारण पाचवा हिस्सा सरकार सांगेल त्या निर्यातीच्या पिकासाठी द्यायचा, कसायचा आणि पीक ठरवून दिलेल्या भावाने सरकारला द्यायचं. प्रत्यक्षात जमीन आणि श्रम दोन्ही त्याहून बरेच जास्त जायचे. सरकारला सगळ्यात जास्त नफा देणारं पीक कॉफी होतं. जावातून आलेल्या पैशांवर हॉलंडने कर्जं फेडली, रेल्वे बांधली. शेजारच्या सुमात्रात बिया विक्रीला जात आणि घरात लोक कॉफीची पानं भाजून त्यांचा काढा पीत. तो आजही तिथे मिळतो.

एदुआर्द दाउस देकर हा तिथला डच अधिकारी. गावकऱ्यांची पिळवणूक वर कळवली म्हणून वरिष्ठांशी वाजलं आणि १८५६ साली त्याने राजीनामा दिला. १८६० साली त्याने मुल्तातुली या टोपणनावाने 'माक्स हावेलार' ही कादंबरी लिहिली. तिचा एक निवेदक ॲमस्टरडॅमचा कॉफी दलाल आहे. माणूस सज्जन, चर्चला जाणारा, वेळ पाळणारा. आपली कॉफी कुठून येते याच्याशी आपला काही संबंध आहे असं त्याला मुळीच वाटत नाही. कादंबरीने हॉलंडमध्ये खळबळ उडाली. १९८८ साली उत्पादकांना रास्त भाव देणाऱ्या कॉफीवर पहिल्यांदा शिक्का मारायची वेळ आली, तेव्हा हॉलंडमध्ये त्या शिक्क्याला नाव दिलं गेलं 'माक्स हावेलार'.

ब्राझीलबद्दल थोडक्यात. एकोणिसाव्या शतकात तो जगातला सगळ्यात मोठा कॉफी उत्पादक झाला, आजही आहे. अमेरिका खंडांत गुलामी सर्वांत शेवटी कायद्याने बंद झाली तीही तिथेच, १३ मे १८८८ रोजी. मग मळ्यांवर इटलीहून मजूर आले. त्यांचे हाल पाहून इटलीच्या सरकारने १९०२ साली फुकट तिकिटावर ब्राझीलला माणसं नेणं बंद केलं. १९३०च्या दशकात मंदी आली, भाव कोसळले, तेव्हा भाव टिकवण्यासाठी ब्राझीलने कॉफी जाळली. १९३१ ते १९४४ या काळात सुमारे ७.८ कोटी पोती, एकेक पोतं ६० किलोचं. मक्केत खैर बेगने कॉफी जाळली ती लोक एकत्र बसू नयेत म्हणून. ब्राझीलने जाळली ती घ्यायला कोणी नव्हतं म्हणून.

चर्चगेटचं कॉफीहाऊस

त्याच मंदीतून आपल्याकडचं कॉफीहाऊस जन्मलं, हे मला बरंच उशिरा कळलं. दक्षिणेतल्या मळेवाल्यांची कॉफी परदेशात खपेना, म्हणून देशातच गिऱ्हाईक तयार करायचं ठरलं. त्यासाठी नेमलेल्या कॉफी सेस कमिटीने १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस उघडलं. म्हणजे लेखक-कवींचा, समाजवाद्यांचा, धुराने भरलेला तो अड्डा मुळात मार्केटिंगची योजना होती. पुढे कॉफी बोर्ड आलं आणि देशभर शाखा झाल्या. कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरची शाखा अजून गजबजलेली असते.

मराठी घरात तोवर कॉफी होती, पण पाहुण्यांची. चहा रोजचा, कॉफी जायफळ लावून, भरपूर दुधाची, रात्री किंवा कोणी खास आलं तर. महाराष्ट्रात कॉफीचे मळे म्हणावेत तर ते विदर्भात चिखलदऱ्याला. बाकी कॉफीचा मुलूख दक्षिणेत, आणि तिथेही टेबलाचा प्रश्न होताच. तमिळ मुलखात कॉफी ब्राह्मणी घराची खूण बनली होती. गावोगावच्या कॉफी हॉटेलांवर 'ब्राह्मण' अशा पाट्या असत, आत जातीप्रमाणे बसायच्या जागा वेगळ्या असत. पेरियारांच्या चळवळीने त्या पाट्यांवर डांबर फासलं. आपल्याकडे गावच्या हॉटेलाबाहेर दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवलेली असायची, पिणाऱ्यानेच धुऊन परत ठेवायची. लंडनला एक पेनी दिली की शेजारी बसता यायचं. इथे पैसे दिले तरी बसता येत नव्हतं.

१९५०च्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफीहाऊसं बंद करायला काढली. वेटर आणि स्वयंपाकी बेकार होणार होते. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितलं की तुम्हीच सहकारी संस्था काढा आणि चालवायला घ्या. १९५७पासून बंगळुरू, दिल्ली, केरळ अशा ठिकाणी कामगारांच्या संस्था उभ्या राहिल्या आणि 'इंडिया कॉफी हाऊस'चं 'इंडियन कॉफी हाऊस' झालं. केरळमध्ये आजही तुरेवाला फेटा बांधून डोसा आणून ठेवणारा वेटर त्या संस्थेचा सभासद असतो.

पाचशे वर्षांच्या या इतिहासात मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी घटना हीच आहे. तिच्यात कोणी टेबलावर चढलं नाही, बास्तीय पडला नाही. टेबल पुसणाऱ्यांनी टेबल विकत घेतलं, एवढंच. कॉफीहाऊसने समतेवर कितीही चर्चा केली तरी ती चर्चा कप आणून देणाऱ्यापर्यंत क्वचितच पोचली होती. इथे ती पोचली.

सत्तेची जुनी सवय मात्र गेली नाही. दिल्लीत कॅनॉट प्लेसचं कॉफीहाऊस आणीबाणीत पाडलं गेलं. तिथे बसणारे लोक सरकारवर काय बोलायचे हे सगळ्या शहराला माहीत होतं. चौथा मुराद, दुसरा चार्ल्स आणि आपलं सरकार एका रांगेत बसलं.

आज शहरातल्या कॅफेत गेलात तर बहुतेक टेबलांवर एकेक माणूस आणि एकेक लॅपटॉप असतो. बोलणं फोनवर गेलं, त्याच्यावरची बंदीही फोनवर आली. कॉफी मात्र अजून हातानेच तोडली जाते. कोडगू आणि चिकमगळूरच्या सावलीतल्या उतारांवर यंत्र चालत नाही. फक्त पिकलेली लाल फळं निवडून घ्यावी लागतात, आणि आता ते काम करायला आसाम-झारखंडकडून माणसं येतात. कॅफेच्या फळ्यावर मळ्याचं नाव असतं, समुद्रसपाटीपासूनची उंची असते, चवीत संत्रं लागतं की बदाम हेही लिहिलेलं असतं. तोडणाऱ्याला किलोमागे किती मिळाले, तो रकाना अजून कोणी काढलेला नाही. पुढच्या वेळी काउंटरवर ते विचारून पाहा. उत्तर मिळणार नाही बहुधा. पण कॉफीहाऊस हे शेवटी विचारण्यासाठीच होतं.